डागी

खिडकीतल्या जास्वंदीला कापूस लागलाय,
असं फिलोमिना म्हणाली.
कापूस नव्हे, म्हटलं, ढेकूण.
तिनं चटकन पाय वर घेतले.

अगं, गादीतला नव्हे, पिठ्या.
पाठीवर पीठ, पाय असून नसल्यासारखे.
शेंड्याच्या बेचक्यात मादीनं एकदा सोंड रुतवली
की तिथंच बाळंतपण, तिथंच मरण.
मुंग्या येतात, पाठ थोपटतात,
गोड थेंब घेऊन जातात. ही हिशेब विचारत नाही.
नराला पंख असतात. तोंड नसतं.
दोन-चार दिवस उपाशी उडतो, संपतो.

दुसरा पाहायचा तर खाडीकडे चल,
विक्रोळीच्या कांदळवनाला लागून परसभेंडी आहे तिथं.
वाळल्या बोंडांवर, पाचोळ्यात, शेकड्यांनी,
लालभडक, पोटावर खडूनं आखल्यासारख्या रेघा.
आणि बसणं माहीत नाही.
जोडी जुळली तरी पाठीला पाठ लावून चालायचं,
एकानं पुढं, दुसऱ्यानं उलट्या पावली,
तासन् तास, कधी दिवसच्या दिवस.
फिलोमिना म्हणाली, डाबऱ्यांकडे मी अशीच नांदले.

रात्रशाळेत मी दोघांना एकाच फळ्यावर काढायचे.
मुलं म्हणायची, बाई, हे भाऊबंद कसे?
मी सोंड दाखवायची,
सुईहून बारीक, छातीखाली वळवून ठेवलेली.
बाकी काही जुळत नाही, सोंड जुळते.

आमचे भाऊ कॉटन ग्रीनच्या गोदामात कापूस पारखायचे.
मूठभर रुई ओढून, उजेडाकडे धरून
हलकेच म्हणायचे, डागी.
कुठल्याशा रानात या लाल ढेकणानं
कोवळ्या सरकीत सोंड खुपसलेली असायची,
तिचा पिवळट डाग गासडीतून मुंबईला यायचा.
भाव पडायचा, आणि घरी आल्यावर भाऊंचा आवाजही.
किडा कसा दिसतो, हे मी कधी विचारलं नाही.
त्यांनीही पाहिला नसावा.
त्यांच्यापर्यंत फक्त डाग पोचायचा.

संध्याकाळी साबणाचं पाणी करून
जुन्या टूथब्रशनं जास्वंद पुसून काढली.
पिठ्या जागच्या हलल्या नाहीत,
ब्रश अंगावर येईपर्यंत पीतच होत्या.

हात धुताना पाहिलं तर पिशवीच्या बंदावर
खाडीवरून आलेला एक लाल.
त्याला काही केलं नाही.
ग्रिलच्या गजावरून तो चालत गेला, वळला, परत आला.
मागं कुणी नव्हतं,
तरी मधूनमधून थांबत होता,
कुणी ओढल्यासारखा.