पळत्याच्या पाठी

रविवारी अत-बाशीच्या गुरांच्या बाजारात,
मेंढ्यांच्या वाफेत, ट्रकांच्या धुरात,
मी दोन कुत्र्यांच्या मधोमध उभा.

उजवीकडे तोकतोसूनचा ताइगान.
आठ महिन्यांचा, आत्ताच कमरेला लागणारा,
छाती खोल, पोट पाठीला गेलेलं,
कानांवरचे लांब केस वाऱ्यावर.
माझ्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.
माझ्या खांद्यावरून तो पल्याडच्या कड्याकडे बघत होता,
तिथं काहीतरी हललं असावं.
मला तर आता कडाच नीट दिसत नाही.

डावीकडे रायसा पेत्रोव्नाची टोपली.
टोपलीत जुनी शाल, शालीत पांढरा गोळा,
गोळ्याला दोन डोळे
आणि खोकल्यासारखं भुंकणं.
ती मुलाकडे चाललीये तोम्स्कला, कायमची.
“पैसे नकोत,” म्हणाली, “रात्री फक्त पायाशी घ्या त्याला.
आणि मेंढीची चरबी देऊ नका, सोसत नाही.”
चरबी न सोसणारं कुत्रं! आमच्या खोऱ्यात!
आजूबाजूचे हसले.
मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं.

खिशात शामालचा पट्टा होता.
शामाल म्हणजे वारा.
अकरा हिवाळे तो माझ्यापुढे पळाला.
एकदा लांडगीचा गळा त्याच्या जबड्यात
आणि त्याचा कान तिच्या;
मी वर पोचलो तेव्हा बर्फावर
कुणाचं रक्त कुणाचं, कळेना.
मी येईपर्यंत त्यानं धरून ठेवलं होतं.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतात.
माझा जन्मच पळत्याच्या पाठी गेला,
आणि हातचं जे होतं, बायको, चूल, दोन पोरी,
ते मी परतेपर्यंत थांबून राहिलं.
बहुतेक वेळा राहिलं.
सायराकान शेवटचं अंथरुण धरून होती
तेव्हा मी तीन दिवस कोल्ह्याच्या मागावर होतो.
कोल्हा मिळाला.

तोकतोसून म्हणाला, “आजोबा, दात तर बघा.”
बघितले. दात उत्तम.
मग बोटांवर हिशेब केला, मेंढ्यांचा करतो तसा:
हा जगणार दहा वर्षं. मी एकाहत्तरचा.
माझा गुडघा ओढ्यापर्यंत येतो,
मूड असला तर पुलापर्यंत.
ह्याला रोजचा एक अख्खा डोंगर लागणार.
तो मी कुठून घालू?
बांधलेला ताइगान पाहिलाय मी, अस्कारबेकच्या अंगणात.
साखळीच्या लांबीएवढं एक वर्तुळ,
त्या वर्तुळात गवत उगवत नाही.

एक पोरगा आला, घोड्यावरूनच वाकला,
ताइगानच्या बरगड्यांवरून हात फिरवला,
भाव न करता पैसे मोजले.
दोघं निघाले तेव्हा कुत्रा आधी चालला,
मग धावला,
मग त्याला बघायला मला डोळे बारीक करावे लागले.

टोपली हलकी होती.
बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो, टोपी डोळ्यांवर ओढून.
कुणीतरी विचारलं, “बाबा, अंडी का?”
मी म्हणालो, “हो.”
अंडी भुंकली.

रात्री शेगडीपाशी त्याच्यापुढे पट्टा ठेवला.
गळ्यात घालायचा विचार नव्हता,
तीन वेढे घालूनही सैलच झाला असता.
नुसता ठेवला.
त्यानं हुंगला, पितळी कडीपासून टोकापर्यंत,
फार वेळ.
मग मागं सरला, चारही काड्यांवर ताठ झाला
आणि गुरगुरला.
लांडगी अजून त्यात असावी.
“सोड,” मी म्हणालो, “मेली ती केव्हाच.”

सोडेना.
पट्ट्याचं टोक दातांत, डोळे माझ्यावर,
मी येईपर्यंत धरून ठेवल्यासारखे.

पायाशी दारातून गारठा येतो, म्हणून वर घेतलंय.
घोरतो. सायराकानसारखा नाही, पण घोरतो.
उद्या बोटाच्या पेराएवढी
चरबी देऊन पाहणार आहे.