उजवीकडचा ‘डा’

पूर्ण वळण घेतलं की पुढून आवाज यायचा,
कट्, कट्, कट्,
कुणी सुपारी कातरत बसल्यासारखा.
केळघरच्या घाटात तर वळणागणिक मोजता यायचा.

लतीफ मिस्त्री म्हणाला, “जॉइंट गेलाय वहिनी.
गाडी लावून जावा. गणपती झाल्यावर बघू.”
पण आटपाडीकडं सूर्यफूल उमलायला लागलेलं,
आणि मेढ्यात आमच्या अंगणात
सातेरीच्या चाळीस पेट्या.
फूल काही गणपतीसाठी थांबत नाही.

म्हटलं, आपणच खोलू.
पेटी उघडायला तरी कुणी शिकवलं होतं?

मागच्या चाकांना दगड. अॅक्सलखाली जॅक,
जॅकखाली बाभळीचा ठोकळा.
चाक उचललं आणि मग नटाला पाना लावला.
पान्याबरोबर चाकच गरगर फिरलं.
“आधी सैल करायचे असत्यात, मग उचलायचं,”
कालिंदा म्हणाली. माझी धाकटी जाऊ.
नुसती बॅटरी धरायला आली होती.
तासाभरात मी हात पुढं केला की
न बघता चोवीसचा रिंगपाना हातात.

चाक निघालं. हब निघाला.
सर्कलिप उडाली ती थेट तुळशीच्या कट्ट्यामागं,
तिथं अर्धा तास गेला.
मग शाफ्ट धरून ओढला,
घाई न करता, फ्रेम उचलतो तसा,
कारण धसमुसळेपणा माशीलाही कळतो
आणि ऑइल सीलला तर त्याहून आधी.

नकलच्या आतलं ग्रीस पातळ ताक झालेलं,
काळं ताक.
कुठल्या ओढ्याचं पाणी कोण जाणे,
आम्ही घेण्याआधी ही गाडी कोयनेकाठी रुग्णवाहिका होती.
पांढऱ्या रंगाखाली अजून वाचता येतं ‘रुग्णवा’,
पुढं आमच्या मधाचं स्टिकर आहे.

जुन्या परातीत डिझेल, त्यात जॉइंट.
पिंजरा तिरका केला की एकेक गोळी वर येते.
सहा गोळ्या, बोराएवढ्या.
खोबणीतून नख फिरवलं:
एका कडेला चर पडलाय, दुसरी कड गुळगुळीत.

मला हेच हवं होतं.
जॉइंट एकाच अंगानं झिजतो, पुढं जायच्या.
डावा उजवीकडं घातला, उजवा डावीकडं,
की कोरी कड कामाला येते.
फुकटात निम्मं आयुष्य.
स्वतःवर खूश होऊन मी फडकं फिरवलं
आणि दांड्यावर अक्षर उमटलं.
पंचनं, टिंबाटिंबांनी ठोकलेलं.
‘उ’.

डाव्या बाजूला ‘उ’.

त्याच रात्री उजवी बाजूही खोलली.
कालिंदा बोलली नाही, ठोकळा सरकवून दिला.
पुसलं. ‘डा’.
आणि नखाला चर लागला, तोही तिथंच,
दुसऱ्या कडेला बोट सहज घसरलं.

म्हणजे कड कोरी नव्हती.
अदलाबदल आधीच झाली होती, आणि चर गाठायला वेळ लागला नव्हता...
नाही, नीट बघितलं मी पुन्हा, बॅटरी जवळ धरून.
गुळगुळीत वाटलेली कडही झिजलेलीच होती.
सारखी झिजली की नखाला कळत नाही.

कोण असेल तो ड्रायव्हर?
रात्री कुणी बाळंतीण उतरवून आल्यावर
असाच उकिडवा बसला असेल,
हेच फुकटातलं निम्मं आयुष्य काढायला.
त्यानं ते काढलं. आमच्या वाट्याला
त्याची अक्षरं आली.

नवा जॉइंट पुण्याहून यायला दहा दिवस.
मी गोळ्या परत बसवल्या.
सहावी बसत नाही, बसत नाही,
आणि पिंजरा केसभर कलला की आपोआप आत जाते.
मूठ मूठ नवं ग्रीस भरलं, कोपरापर्यंत हात माखले.
मिटवण्याआधी पंच घेतला,
‘डा’च्या खाली एक टिंब मारलं.
पुढच्याला कळेल, किंवा नाही कळणार.

दुसऱ्या रात्री पेट्यांची दारं लावून निघालो.
काच खाली, रेडिओ बंद.
मेढ्याच्या पहिल्याच वळणावर
दोघींनी कान दिला.

कट्.
मग बराच वेळ काही नाही.
“रुंद वळण घ्या,” कालिंदा म्हणाली,
“रस्ता मोकळा हाय.”