मंगळवारचा रकाना

मंडळानं फॉर्म पाठवलाय:
'तरुण पाळकांस मार्गदर्शन, तिमाही अहवाल'.
रकाने चार. ध्येय, अडचण, सल्ला, प्रगती.
मी चष्मा पुसतो, पेनाचं टोपण काढतो
आणि टोपण परत लावतो.

अमोस येतो मंगळवारी साडेचारला, दिघ्याहून,
हेल्मेट काखेत, बाहीवर पिठाचा हलका थर.
त्याची मंडळी भरते एका गिरणीच्या माडीवर:
बत्तीस कुटुंबं, एक हार्मोनियम,
आणि खालून जात्याची घरघर
जी 'आमेन'लासुद्धा थांबत नाही.

पहिले दोन महिने मी फार बोललो.
उपदेशाचे मुद्दे कसे काढावेत,
पंचांच्या बैठकीत आवाज कुठे खाली आणावा,
मयताच्या घरी आधी चपला काढाव्यात,
तोंड मग उघडावं, शक्यतो उघडूच नये.
तो लिहून घ्यायचा, नीट समास सोडून.
घरी ती वही उघडत नसावा.
मीही कुठे उघडल्या होत्या माझ्या?

हल्ली मी आल्याचा चहा टाकतो
आणि विचारतो, "झोप किती झाली?"
एकदा म्हणाला, "शनिवारची रात्र सोडून, बरी."
एकदा म्हणाला, "खजिनदार वही दाखवत नाहीत,
आणि ते माझ्या सासऱ्यांचे मित्र."
एकदा, बशीत कप फिरवत,
"प्रार्थनेला बसतो, पण समोर कुणी आहेसं वाटत नाही.
आणि रविवारी तर मला बोलायचंच असतं."

सल्ला जिभेवर तयार होता माझ्या,
अध्याय-वचनासकट.
चहाबरोबर गिळला. जीभ भाजली.

मग दिवागावच्या धक्क्यापर्यंत चालत गेलो दोघं.
ओहोटी होती. खाडी मागे सरकलेली,
आणि त्या उघड्या, काळ्या, वास मारणाऱ्या चिखलात
रोहित पक्षी माना खाली घालून चरत होते.
"पाणी गेलं की जास्त येतात," अमोस म्हणाला.
यात एक दृष्टांत होता.
आम्हा दोघांनाही दिसला.
कुणीच उचलला नाही.

पुलावरून ट्रक जात होते.
मी त्याला श्रीरामपूरचं सांगितलं,
जे माझ्या निरोपसमारंभात कुणी बोललं नाही,
कारण कुणाला ठाऊकच नव्हतं:
सरलाबाई उजगऱ्यांच्या घरून रात्री दीडला माणूस आला.
मी टेबलाशी होतो, कागद पसरून.
म्हटलं, सकाळी येतो.
सकाळी गेलो. खड्डा खणायला माणसं निघाली होती.
उपदेश मात्र छान झाला त्या रविवारी.
विषय होता, जागृत राहणे.

अमोस 'देव क्षमा करतो' म्हणाला नाही.
(इतकं तरी त्या वहीतलं राहिलं असेल.)
हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं,
काचेवरचं पीठ अंगठ्यानं पुसलं,
आणि विचारलं,
"मागे घरात कोण राहिलं त्यांच्या?"

मुलगी होती एक.
दोन वेण्या, दाराच्या कडीशी उभी.
नाव आठवेना.
मग लक्षात आलं, आठवायला ते
आधी विचारलेलं असावं लागतं.

रात्री फॉर्म पुढे घेतला.
ध्येयाखाली आडवी रेघ मारली.
अडचण, यात कुणाची लिहायची ते कळेना.
सल्ला: दिला नाही.
प्रगती: त्यानं एक प्रश्न विचारला.
खाली सही केली, हुद्दा लिहिला, मग हुद्दा खोडला.

आज सकाळपासून
श्रीरामपूरच्या मंडळीचा नंबर लावतोय.
तिथले पाळक नवे आहेत म्हणे, अमोसच्याच वयाचे.
काय सांगणार आहे त्यांना, जुळवलेलं नाही.
मुद्दे काढलेले नाहीत.

वाजतोय.