उलार

तिसरी जळाली या महिन्यात.
निळी सर्व्हो, नऊ ग्रॅमची, दात प्लास्टिकचे.
घाटंजीच्या स्टँडामागं रिवाइंडिंगचं दुकान माझं,
जळक्या तारेचा वास झोपेतही ओळखतो मी.
पण ही परत गुंडाळता येत नाही.

विमान निवडणुकीच्या जुन्या फलकाचं.
डाव्या पंखाखाली कुणाचे तरी जोडलेले हात,
मनगटापर्यंतच.
ई-क्लासच्या माळावर सकाळी उडवतो.
संथ असतं तोवर गोड.
सूर मारला की वारा बसतो शेपटीच्या फळीवर,
मी काठी पूर्ण ओढलेली,
फळी अर्धीच उठते, थरथरते.
दोनदा बाभळीनं झेललं.
एकदा नाही.

रुपेश म्हणतो, काका, मोठी घ्या, धातूच्या दातांची.
मोठी म्हणजे जड.
जड म्हणजे वेग जास्त लागणार,
आणि वेगाला
पुन्हा तोच वारा, अजून जोरात.

गुलाब झाडे बघत होते.
चाळीस वर्षं बंड्या केल्या त्यांनी,
आता कुणी सांगत नाही करायला.
शेपटी हातात घेऊन फुंकर मारली.
"सारी फळी बिजागरीच्या मांगं, मंग जोर नाही लागन तं काय?
बंडी भरतानी सारं वझं धुरेवर टाकतं का कोनी?
बैलाची मान जाते.
थोडं आसाच्या मांगं सारा लागते.
थोडंच पण. जास्त झालं का उलार."

पाच बोटं रुंद फळी.
बिजागरी मागं सरकवली,
दोन बोटं पुढं काढली. हाव.
हवेत फळी आपसूकच उलटली,
काठीत काही जीवच उरला नाही,
विमान तुरीत.
गुलाबभाऊ हसले नाहीत.
शेंगा तेवढ्या वेचल्या, तुटलेल्या.

मग एकच बोट.
मागची कड वर गेली
की पुढची बोटभर खाली वाऱ्यात डोकावते,
वाऱ्याचं ओझं वाराच थोडं उचलतो.
सर्व्होला उरतं ते
तिच्या जिवाला झेपेल एवढं.

आज उंचावरून सरळ खाली सोडलं.
काठी ओढली. उठलं.
इतकं सहज, की अंगठा अजून दाबूनच होता.

उतरल्यावर गुलाबभाऊंनी शेपटीजवळ तळवा ठेवला,
जू काढल्यावर बैलाचा खांदा चाचपतात तसा.
"गरम नाही," म्हणाले.