अनुक्रमांक तीनशे बारा

उन्हाळ्यात गिरणेच्या कोरड्या पात्रातून
सायकल ढकलत गेलो होतो मी नावं लिहायला.
कॅरिअरला कागद, खिशात टाक,
शाईची बाटली रुमालात गुंडाळलेली.
तालुक्याहून ताकीद होती:
अमक्याची आई, तमक्याची बायको
असलं काही चालणार नाही.

पुरुषांचं सोपं होतं.
चिंधा, सुपडू, धुडकू, उखर्डू.
आधीची पोरं जगली नाहीत म्हणून ठेवलेली नावं,
मरणानं टाकाऊ समजून पुढच्या दारी जावं अशी.
मी त्यांच्यापुढं वय लिहिलं, अंदाजानं,
आणि वाळूची चिमूट टाकून शाई सुकवली.

बाया दाराआड.
"सुपडूनी माय शे मी. तेच लिख."
"ते नाही चालत, मावशी."
"मंग नको लिखू."
अख्ख्या आळीत हेच.
ते रकाने पुढं रद्द झाले, माझ्याच अक्षरात.

एक मात्र दादर दळत होती.
जात्याच्या घरघरीत काही बोलली.
म्हटलं, पुन्हा सांगा.
तिनं खुंटा धरून ठेवला.
"रुमाली."
आणि लगेच दळायला लागली.

दोन वर्षांनी, जानेवारीत,
शाळेत गोणपाटाच्या आडोशाला पेट्या मांडल्या.
बैलजोडी, झाड, झोपडी.
फळ्यावर कुणाचा तरी अर्धा पाढा राहिलेला.
मी हाक दिली: तीनशे बारा, रुमाली उखर्डू.

कुणी हललं नाही.
पुरुषांच्या रांगेतून उखर्डूच म्हणाला,
"हाई कोन शे? मना घरमा अशी कोनी नही."
रांग हसली. टाक ओळीवर टेकला होता माझा.

तेवढ्यात ती पुढं आली,
नाकापर्यंत पदर, खांद्याला कापसाचा तंतू.
"मी शे."
"हाई तं जना शे," उखर्डू म्हणाला.
"ते तुमनं ठेवेल. हाई मनी मायनं."

तिच्या बोटाला शाई लावताना
तळव्यावरचा खुंट्याचा घट्टा दिसला.
आडोशामागं ती बराच वेळ होती.
पेटी कोणती, ते मला माहीत नाही;
चिठ्ठी पडल्याचा आवाज तेवढा आला.

मग त्याची पाळी. नियमानं विचारलं, नाव?
"उखर्डू."
बोट पुढं करून थांबला, आणि
मी काही विचारलं नसताना म्हणाला,
"माले एकच शे."