एकशे दहा ग्रॅम

सोमवारी मासळीचा कारखाना सुटला की एफी मॅकॅस्किल
थेट माझ्या खिडकीशी येते.
दिवसभर बर्फात कॉड कापून बोटं पांढरी,
काखेत लिफाफा.

मी तो तराजूवर ठेवतो. एकशे दहा ग्रॅम.
आत आणखी एक लिफाफा असतो, घडी घातलेला,
त्यावर तिचाच पत्ता, तिच्याच अक्षरात,
तिकीट तिच्याच पैशांचं.
नकाराचं भाडंसुद्धा आगाऊ भरून मोकळी.
बॉस्टनला पाठवायचं तर आमची तिकिटं तिथं चालत नाहीत,
कुपन विकत घ्यायचं,
ते तिथल्या संपादकानं तिथल्या पोस्टात नेऊन बदलायचं.
कोण जातंय!

"किती दिवस लागतील, लिअँडर?"
टोरांटोला चार, मी सांगतो.
परतीचं ती विचारत नाही.

परतीला तीन महिने. कधी सात. एकदा चौदा.
मग एका सकाळी थैलीतून तिचंच अक्षर बाहेर पडतं
आणि अख्ख्या केप ब्रेटनमध्ये
तिच्याआधी मला कळतं.
जाड म्हणजे साभार परत.

खिडकीशीच फोडते. चतकोर चिठ्ठी:
आवडली, पण आमच्या अंकाच्या चौकटीत बसत नाही.
"मापं तरी द्या म्हणावं चौकटीची,
सुतारसुद्धा देतो."
एकानं लिहिलं, मासे फार झालेत.
विनिपेगहून एकानं, समुद्र पटला नाही.
तेव्हा तिनं आपला हात नाकाशी नेला,
हुंगला,
आणि काही बोलली नाही.

पातळ पाकीट एकदाच आलं. हॅलिफॅक्सचे दोघे भाऊ,
लाँड्रीखालच्या तळघरात पुस्तकं छापायचे.
हो, म्हणाले. पुढल्या वसंतात.
तिनं कारखान्यात केक वाटला,
एक तुकडा कागदात गुंडाळून माझ्यासाठी.
दोन वसंत गेले.
मग तिचीच पत्रं परत यायला लागली,
वर जांभळा शिक्का: पत्ता सोडून गेले.
तसाच शिक्का माझ्या खणात आहे.
त्या दिवशी मी खण उघडला नाही.

आता जे सांगतो ते रोझलीलाही सांगितलेलं नाही.
मार्चमध्ये थैली भिजून आली.
जाड लिफाफा, कड उसवलेली, पानं जमिनीवर.
सव्वीस वर्षांची नोकरी, नियम तोंडपाठ.
पण अकरावं पान उताणं पडलं होतं.

गोठलेल्या बंदरावरून एक बाई चाललीये,
अंगात नवऱ्याचा कोट, हाती रिकामी ढकलगाडी.
पलीकडच्या बंद घरात दिवा लागलाय.
ती पायऱ्या चढते. दाराला हात लावते, आणि

पान संपलं.

बारावं तिथंच होतं, पालथं, माझ्या बुटाजवळ.
ते मी पालथंच उचललं.
चिकटपट्टी लावली. लिफाफा दिला.
"कुणी वाचतच नाही रे," ती म्हणाली त्या दिवशी,
आणि मी मान हलवली,
सुट्टे मोजून दिले, एक नाणं चुकून जास्त.

तेव्हापासून दाढी करताना, चर्चमध्ये गुडघे टेकल्यावर
मी त्या पायऱ्यांवर उभा असतो.
आत कोण? दिवा कुणी लावला?
विचारावं तर नोकरी जाईल.
नोकरीचं एक वेळ राहू दे,
तिची पत्रं न वाचणारा जगात मी एकटाच माणूस
असं तिला वाटतं.
म्हणजे, तशी तक्रार तिची नव्हती कधी माझ्याबद्दल.

आज परत आली. फ्रेडरिक्टन,
नवं मासिक, तिघं विद्यार्थी काढतात म्हणे.
तराजूवर ठेवला.
शहाण्णव.

पुन्हा ठेवला. शहाण्णव ग्रॅम.

"काटछाट केली," एफी म्हणाली.
"तीन पानं काढली. मध्येच उगाच लांबलं होतं."

"कुठली?"

"काय कुठली?"
तिनं मान वर केली.

"तिकिटं," मी म्हणालो. "जहाजाची देऊ, की राणीची?"