दत्तक

तीन दिवस टेप चालू होता.
लॅकी हॅगर्टनं एकेक ठोसा सांगितला,
कुठल्या फेरीत, कुठल्या बरगडीवर.
आईबद्दल विचारलं तर म्हणाला,
"होती बिचारी. चांगली होती."
आणि चहात बुडवलेलं बिस्किट विसरून गेला.

एवढ्यावर प्रकरण उभं राहत नाही.
संपादकांना आई हवी होती,
निदान आठ पानं.

मग मी माझी दिली.
डंडीच्या तागगिरणीत, मागांच्या खडखडाटात
कान गमावून बसलेली,
घरीसुद्धा नुसत्या ओठांनी बोलणारी,
शनिवारी खिडकीशी बसून
केसांतलं तागाचं तूस विंचरून काढणारी.
लोक मूल दत्तक देतात.
मी आई दिली,
ठरल्या रकमेत, तिच्या चष्म्यासकट.
कलम नऊ: कुठेही वाच्यता करू नये.

प्रकाशनाला मी मागच्या रांगेत.
त्यानं नेमकं तेच पान उघडलं,
तुसापाशी येऊन अडला,
एवढा दांडगा माणूस, पुढे वाचवेना.
खोटं नव्हतं ते रडणं.
एव्हाना तिनं त्यालाही वाढवलं असावं.

नाताळात मर्डोनं, माझ्या भावानं,
तेच पुस्तक मला भेट दिलं.
"एकशे बारावं पान बघ, इशबेल.
थेट आपल्या आईसारखी गं याची आई."

मी अवाक्षर काढलं नाही.
फक्त ओठ हलवले.

मर्डोला ते वाचता येतात.